सोळा सिलिंडरची गाडी आणि माणसाची किंमत

कोणतीही यंत्रवस्तू विकत घेतली की दुसऱ्या दिवसापासून तिची किंमत उतरू लागते. हिशेबाच्या भाषेत याला घसारा म्हणतात. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. कॉलेजात असताना पाठ केले होते की, दरवर्षी ठरावीक टक्के घसारा धरत गेले म्हणजे शेवटी वस्तूची पुस्तकी किंमत भंगाराएवढी उरते. पुढे कारकुनी करताना टेबल, पंखा, टाइपरायटर अशा कितीतरी वस्तूंचा घसारा आम्ही आमच्या हाताने मांडला. परंतु जगात काही वस्तू अशा आहेत की त्यांच्यापुढे हा नियम उलटा चालतो. गंज चढला, काच फुटली, गादी उंदरांनी कुरतडली, इंजिन अडकले, तरी किंमत वाढतच जाते. अमेरिकेतील जुन्या शाही मोटारगाड्या या त्या जातीच्या वस्तू आहेत.

अशीच एक गाडी म्हणजे कॅडिलॅक कंपनीची सोळा सिलिंडरची मोटार. यातील काही गाड्या अजूनही कोठल्या तरी शेडमध्ये, धुळीत, पूर्ण पुनर्बांधणीची वाट पाहत उभ्या असतात. शौकीन लोक त्यांचा शोध घेत फिरतात. आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबांना त्या गाडीचे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. पण या गाडीचा इतिहास वाचत गेलो तेव्हा आम्हाला असे दिसून आले की, तिच्या पत्र्याखाली माणसाच्या मानसन्मानाची एक गोष्ट दडलेली आहे. ती आपल्या घरांत सांगितली गेली पाहिजे.

मंदीच्या तोंडावर जन्म

कॅडिलॅक ही डेट्रॉईट शहरातील कंपनी. १९०२ साली ती सुरू झाली आणि १९०९ साली जनरल मोटर्सच्या ताब्यात गेली. १९२० च्या दशकात अमेरिकेत पैशाचा पूर आला होता. त्या भरात कंपनीने सोळा सिलिंडरचे इंजिन तयार करण्याचे गुप्त काम हाती घेतले. गाडी तयार झाली आणि जानेवारी १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. परंतु त्याआधी अवघ्या काही आठवड्यांपूर्वी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला होता. लग्नाचा मांडव घातला आणि त्याच दिवशी घराला आग लागली, असा हा प्रकार.

गाडी होती मात्र अजोड. मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ साली जिने निरोप घेतला ती काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तिला चार सिलिंडर आणि सुमारे ११०० सीसीचे इंजिन असे. या कॅडिलॅकला सोळा सिलिंडर आणि सुमारे ७४०० सीसीचे इंजिन, म्हणजे जवळजवळ सात टॅक्सींचे इंजिन एका बॉनेटखाली. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतरच बारा फुटांहून अधिक. वजन अडीच टनांच्या वर. इंजिन इतके नितळ चाले की गाडी उभी असताना ते चालू आहे की बंद, हे आत बसलेल्याला चटकन कळत नसे. बॉनेट उघडले तरी तारा, नळ्या नजरेआड झाकलेल्या. इंजिनदेखील देखणे असावे, हा त्यामागचा विचार होता.

किंमत ५ हजार डॉलरांहून अधिक, आणि बॉडी कोणती घ्याल त्याप्रमाणे पुढे वाढत जाणारी. त्याच वर्षी फोर्डची साधी गाडी सुमारे ५०० डॉलरांना मिळत होती. डिसेंबर १९२९ मध्ये फोर्डने आपल्या कामगारांचा किमान रोज ७ डॉलर केला. म्हणजे त्या वेळी चांगली समजली जाणारी मजुरी मिळवणाऱ्या कामगाराने एक पैसाही न खाता सातशेहून अधिक दिवस काम केले असते, तर यातील सर्वांत स्वस्त गाडी त्याच्या दारात आली असती. पुढे मंदीत तो रोजही टिकला नाही आणि अनेकांचे कामही टिकले नाही.

सुरुवातीच्या दीड-दोन वर्षांत गाडी बऱ्यापैकी खपली. नंतर मंदीने गळा धरला आणि काही वर्षी तर वर्षाला पन्नासच्या आसपासच गाड्या निघाल्या. १९४० साली हे उत्पादन कायमचे थांबले. अकरा वर्षांत एकूण गाड्या झाल्या त्या चार हजारांच्या आसपास.

उरल्या त्या थोड्या

त्यांतून आज शिल्लक आहेत त्या त्याहूनही कितीतरी कमी. कारण साधे आहे. अशी गाडी एका लिटर पेट्रोलमध्ये तीन-चार किलोमीटर जाणार. पहिल्या श्रीमंत मालकाने ती टाकली की दुसरा मालक मिळणे कठीण. जुन्या बाजारात शाही गाड्या कवडीमोलाने विकल्या जाऊ लागल्या. चासी भक्कम आणि इंजिन ताकदवान म्हणून अशा काही गाड्यांची मागची बॉडी कापून त्यांवर नादुरुस्त वाहने ओढण्याची यारी बसवली गेली. काहींची शववाहिनी झाली. पुढे दुसरे महायुद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खासगी मोटारींचे उत्पादनच बंद झाले आणि गावोगावी लोखंड गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. अनेक जुन्या गाड्या त्या भट्टीत गेल्या. ज्या वाचल्या त्या कोणी मुद्दाम जपल्या म्हणून नव्हे, तर कोठल्या तरी धान्याच्या कोठारात, गवताच्या गंजीमागे विसरल्या गेल्या म्हणून वाचल्या.

१९५२ साली अमेरिकेत अशा शाही गाड्यांच्या शौकिनांचा एक क्लब स्थापन झाला. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरू लागले. मग भंगार म्हणून टाकलेल्या वस्तूला हळूहळू भाव येऊ लागला.

पुनर्बांधणी म्हणजे नुसता रंग नव्हे

आपल्याकडे गाडी गॅरेजमध्ये देताना आपण म्हणतो, डेंटिंग-पेंटिंग करून द्या. परंतु पूर्ण पुनर्बांधणी हा वेगळाच व्याप आहे. बॉडी चासीवरून उचलायची, इंजिन उतरवायचे, शेवटचा बोल्टदेखील काढायचा आणि मग प्रत्येक वस्तू दुरुस्त करून पुन्हा जोडत आणायची. त्याला हजारो तासांचे काम लागते.

जाणता मिस्त्री पान्याला हात लावण्यापूर्वी पेन्सिल हातात घेतो. इंजिनाचा क्रमांक, बॉडीचा क्रमांक, बॉडीवरच्या छोट्या पट्टीवर ठोकलेले रंगाचे आणि आतल्या कापडाचे आकडे तो उतरवून घेतो. कारखान्यातून गाडी बाहेर पडताना तिची जी नोंद झाली, तिच्याशी हे आकडे पडताळून पाहिले जातात. मग फोटो काढायचे. मग प्रत्येक नट-बोल्ट, कडी, बिजागरी वेगळ्या डब्यात घालून त्यावर चिठ्ठी लावायची. हे वाचून आमच्यासारख्या कारकुनाला बरे वाटले. दप्तर नीट नसेल तर कारागिराचाही हात थांबतो.

इंजिन वर्षानुवर्षे बंद असेल तर पिस्टन आत अडकून बसतात. घाईने हँडल मारले तर काहीतरी मोडणार, हे नक्की. म्हणून सिलिंडरमध्ये तेल ओतून ठेवतात आणि दिवसच्या दिवस, कधी आठवडे वाट पाहतात. मग हलक्या हाताने फिरवून पाहतात. त्या काळी जस्ताच्या मिश्रणाचे जे ओतीव भाग वापरले गेले ते तर काळाने फुगतात आणि तडकतात. त्यांचा बाजारात पर्याय नसतो. जुन्या तुकड्यावरून साचा करून नवा भाग ओतावा लागतो.

बॉडीचा पत्रा दिसतो लोखंडी, पण आत लाकडाचा सांगाडा असे. सुताराने कापलेल्या, एकमेकांत खाचा देऊन बसवलेल्या लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेला. पाणी मुरले की सांधे कुजतात आणि दार खाली झुकते. अशा वेळी कुजलेला तुकडाही फेकायचा नसतो, कारण नव्या तुकड्याचे माप त्याच्यावरूनच घ्यायचे असते. विजेच्या तारांवर सुती वेष्टण असे. ते उंदीर खातात आणि ठिणगी पडून आगीचा धोका निर्माण होतो. म्हणून सर्व वायरिंग नवीन, पण दिसायला जुन्यासारखे करावे लागते.

रंगाचेही तसेच. आपल्याकडे रंगारी आणि फर्निचरवाले आजही 'ड्युको' हा शब्द वापरतात. तो मूळ अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचा आहे. पूर्वी गाडीचे वॉर्निश वाळायला आठवडे लागत. १९२४ सालच्या ओकलंड नावाच्या गाडीसाठी जनरल मोटर्सने हा लवकर वाळणारा रंग वापरला आणि कारखान्यांचा वेगच बदलला. एकावर एक हात द्यायचे, दर वेळी पाण्याने घासायचे, पुन्हा हात द्यायचा. गाडीची जी चकाकी आपण पाहतो ती घासणाऱ्याच्या मनगटातून आलेली असते.

याच कॅडिलॅक कंपनीची आणखी एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे तिच्या तीन गाड्या परीक्षकांसमोर सुट्या करण्यात आल्या. सर्व भाग एकत्र कालवले आणि त्यांतून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. कानस न लावता सर्व भाग जुळले आणि गाड्या ५०० मैल धावल्या. त्याबद्दल कंपनीला ड्यूअर ट्रॉफी मिळाली. भाग जर अचूक मापाचा असेल तर तो कोणत्याही गाडीत बसतो, हे जगाला पटले. यंत्राच्या बाबतीत जे १९०८ साली सिद्ध झाले, ते माणसाच्या बाबतीत मान्य व्हायला मात्र किती काळ लागला पाहा.

दुकानाच्या मागच्या दाराने

मंदीत कॅडिलॅकची विक्री इतकी घसरली की जनरल मोटर्सचे वरिष्ठ ही कंपनी बंद करण्याचा विचार करू लागले. त्या वेळी गाड्यांच्या दुरुस्ती-सेवेचे काम पाहणारा निकोलस ड्रेस्टाट नावाचा एक अधिकारी होता. तो जन्माने जर्मन. व्यवस्थापनशास्त्राचे प्रसिद्ध लेखक पीटर ड्रकर यांनी 'ॲडव्हेंचर्स ऑफ अ बायस्टँडर' या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याची हकीकत दिली आहे.

ड्रेस्टाट गावोगावच्या सर्व्हिस स्टेशनांना भेटी देत असे. तेथे दुरुस्तीसाठी गाड्या घेऊन येणाऱ्यांत त्याला बरेच काळे लोक दिसले. मुष्टियोद्धे, गायक, डॉक्टर, जमिनीचे व्यवहार करणारे. आश्चर्य असे की, कॅडिलॅकचे धोरण तर काळ्या माणसाला गाडी न विकण्याचे होते. मग यांच्याकडे गाडी आली कोठून? चौकशीअंती कळले की, हे लोक एखाद्या गोऱ्या माणसाला शेकडो डॉलर वर देऊन त्याच्या नावाने गाडी घेत होते. आपल्याकडे ज्याला बेनामी व्यवहार म्हणतात तो हा. फरक एवढाच की, बेनामीवाला आपला काळा पैसा लपवतो. येथे घामाचा पैसा उघड होता, लपवावा लागत होता तो कातडीचा रंग.

वाचकहो, क्षणभर थांबून याचा विचार करा. खिशात पुरती रक्कम आहे. माल दुकानात उभा आहे. दुकानदाराला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून कंपनी बुडायला आली आहे. तरीही समोरच्या माणसाला माल विकायचा नाही! व्यापार म्हणजे नफा, असे आम्ही पुस्तकात शिकलो. पण द्वेष नफ्यापेक्षाही मोठा असतो, हे त्या पुस्तकांत लिहिलेले नव्हते. शहरात खोली भाड्याने घेताना डिपॉझिट हातात तयार असूनही आडनाव सांगितल्यावर 'खोली दिली गेली' असे उत्तर ऐकलेली कितीतरी कुटुंबे आमच्या वाचकांत असतील. त्यांना ही गोष्ट अमेरिकेची वाटणार नाही.

१९३२ साली वरिष्ठांच्या बैठकीत ड्रेस्टाट न बोलावता गेला आणि त्याने हा बाजार उघडण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. दारे उघडली, विक्री सावरली आणि कॅडिलॅक वाचली. १९३४ साली ड्रेस्टाट तिचा प्रमुख झाला. आज जगातील धनिक लोक ज्या नावासाठी बोली लावतात ते नाव टिकले, त्यात त्या नाकारलेल्या ग्राहकांच्या पैशाचाही वाटा आहे.

चैन की हक्क?

येथे एक शंका उपस्थित होते. ज्या समाजाला शाळा, दवाखाने, नोकऱ्या हव्या होत्या, त्याने महागड्या गाडीचा हट्ट का धरावा? हा प्रश्न त्या समाजातही विचारला जात होता. १९४९ साली काळ्या समाजाच्या 'एबनी' या मासिकाने काळे लोक कॅडिलॅक का घेतात, या विषयावर संपादकीयच लिहिले. ज्या माणसाला चांगल्या वस्तीत घर मिळत नाही, चांगल्या हॉटेलात जेवण मिळत नाही, तो आपल्या यशाची खूण कोठे दाखवणार, हे त्यामागचे दुखणे होते.

गाडी घेऊनही प्रवास सुखाचा नव्हता. वाटेत रात्र झाली तर उतरायचे कोठे, जेवायचे कोठे, हा प्रश्न होता. म्हणून न्यूयॉर्कमधील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६ पासून 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका काढली. काळ्या प्रवाशाला कोणत्या गावात कोणते घर, कोणते हॉटेल, कोणते गॅरेज आसरा देईल, याची ती यादी होती. अशी पुस्तिका जवळजवळ तीस वर्षे काढावी लागली.

आम्हाला या ठिकाणी महाडची आठवण होते. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार आहोत असे नाही, इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आपण तळ्यावर जात आहोत, असा बाबासाहेबांच्या १९२७ च्या भाषणाचा आशय होता. तोच मापदंड येथे लावला पाहिजे. कॅडिलॅक मिळाल्याने कोणी मुक्त होत नाही. परंतु 'तुला मिळणार नाही' हे शब्द ऐकून गप्प बसणारा कधीच मुक्त होत नाही.

मात्र आम्ही एवढेही म्हणू की, गाडी नुसती मिरवण्यासाठी असेल तर ती एका घराची शोभा. ती चळवळीच्या कामी आली तर समाजाची शक्ती. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना बसमधील जागा न सोडल्याबद्दल अटक झाली आणि काळ्या नागरिकांनी बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. रोज कामाला जाणाऱ्या मोलकरणी, हमाल, कामगार यांची ने-आण करण्यासाठी ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी त्या बाहेर काढल्या. सुमारे ३०० गाड्या वेळापत्रकाने धावत होत्या. गाड्यांचा विमा रद्द झाला तेव्हा तो लंडनहून उतरवण्यात आला. अखेर न्यायालयाच्या निर्णयाने बसमधील भेदभाव संपला. एकेकाळी ज्यांना गाडी विकत मिळत नव्हती, त्यांच्या गाड्यांनी एका शहराची बस व्यवस्था वाकवली.

त्या दोन हजार स्त्रिया

ड्रेस्टाटची आणखी एक हकीकत ड्रकर सांगतात. ती भगिनींनी अवश्य वाचावी. महायुद्धाच्या काळात कॅडिलॅकने विमानातील एका नाजूक उपकरणाचे काम घेतले. अत्यंत कुशल हात हवेत आणि डेट्रॉईटमध्ये कामगार उरलेले नाहीत. ड्रेस्टाटने शहरातील वय झालेल्या, वेश्याव्यवसायात पिचलेल्या सुमारे २ हजार काळ्या स्त्रियांना कामावर घेतले. त्यांतील बहुतेक निरक्षर. कारखान्यात गदारोळ उठला. व्यवस्थापकांनी नाके मुरडली, युनियननेही विरोध केला.

ड्रेस्टाटने काय केले? त्याने स्वतः यंत्रावर उभे राहून तो भाग बनवला आणि त्याची फिल्म काढली. फिल्मबरोबर दिवे लावले. झालेल्या कामासाठी लाल, पुढच्या कामासाठी हिरवा आणि काळजी कशाची घ्यायची त्यासाठी पिवळा. अक्षर न वाचणाऱ्या स्त्रियांनी काही आठवड्यांत कसलेल्या कारागिरांपेक्षा सरस काम करून दाखवले. या स्त्रिया तुमच्या-आमच्यासारख्याच कामगार आहेत, त्यांना तोच मान मिळाला पाहिजे, अशी त्याची भूमिका होती.

युद्ध संपले. सैनिक परत आले. युनियनच्या नियमाप्रमाणे त्या स्त्रियांना काढून टाकण्यात आले. पुन्हा त्या गल्लीत जाण्यापेक्षा त्यांतील काहींनी मरण पत्करले. ड्रेस्टाट डोके धरून बसला होता, आपण यांना वाचवू शकलो नाही म्हणत होता, असे ड्रकर लिहितात. १९४८ साली तो वारला.

आम्हाला ही हकीकत सोळा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा मोठी वाटते. कौशल्य जन्माने मिळत नाही, शिकवण्याची रीत बरोबर असेल तर ते कोणालाही येते, याचा हा पुरावा आहे. आणि आलेले काम हिरावून घेतले तर माणूस पुन्हा कोठे ढकलला जातो, याचाही.

कोणती बाजू मूळ रूपात आणायची?

आता पुन्हा त्या शेडमधील गाडीकडे वळू. पुनर्बांधणी करणाऱ्यांत आज दोन पंथ आहेत. एक म्हणतो, गाडी कारखान्यातून आली त्या दिवशी होती तशी, किंबहुना अधिक चकचकीत करा. दुसरा म्हणतो, जेवढे टिकले आहे तेवढे जसेच्या तसे ठेवा, कारण मूळपणा एकदा घासून टाकला की पुन्हा येत नाही. झिजलेले पायदान, हाताने गुळगुळीत झालेले स्टिअरिंग हाही इतिहासच आहे. काही प्रदर्शनांत आता अशा न रंगवलेल्या, जपलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो.

दोन्ही पंथ मालकांची वंशावळ काळजीपूर्वक लिहितात. पहिला मालक कोण, दुसरा कोण. आमचे म्हणणे असे की, ही वंशावळ अपुरी आहे. ज्या काळात माणसाला दुसऱ्याच्या नावाने गाडी घ्यावी लागे, त्या काळच्या पावतीवर नाव ज्याचे, खरा मालक तोच असेल याची खात्री काय? लाकडी चौकट कापणारा सुतार, रंग घासणारा, गादी शिवणारा, ड्रायव्हर, दार उघडून उभा राहणारा नोकर, यांचे नाव तर कोणत्याच कागदावर नाही. पत्रा चकाकतो आणि माणसे पुसली जातात. गाडी पूर्ण उभी राहिली असे म्हणायचे तर हाही भाग जोडला गेला पाहिजे.

आपल्याकडेही जुन्या गाड्यांना आता कायद्याने स्थान मिळाले आहे. केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. त्यानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी वाहनांना 'व्हीए' मालिकेतील वेगळा क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आहे. शौक मालकाचा असतो, पण गाडी चालू ठेवतो तो मिस्त्री. पत्रा ठोकणारा, खराद्यावर भाग उतरवून देणारा, ड्युको मारणारा, सीट शिवणारा. हे हुन्नर आपल्या वस्त्यांत आहेत. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलाने मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र तर घ्यावेच, पण जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली वर्षभर बसून जे प्रमाणपत्रात नाही तेही शिकून घ्यावे. हे काम हलके नाही. ज्या कामात अचूकता लागते ते काम हलके असूच शकत नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. याच जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ पर्यंत चालला. त्या कारखान्यात, गोदीत, रेल्वे वर्कशॉपात, गिरणीत आपल्या आजोबा-पणजोबांनी हाडे झिजवली. त्यांचे हजेरीचे कार्ड, बिल्ला, युनियनची पावती, कामावरच्या कपड्यातला एखादा फोटो घरातल्या पेटीत पडलेला असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो कचऱ्यात जाऊ देऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कोणत्या खात्यात होते, रोज किती होता, मुकादम कसा होता. मुलांना वही देऊन ते उतरवून घ्यायला सांगा. वर तारीख घाला आणि सांगणाऱ्याचे पूर्ण नाव लिहा.

शाही गाडीच्या प्रत्येक बोल्टला डबा आणि चिठ्ठी मिळते. आपल्या माणसांना निदान वहीचे एक पान मिळावे. या रविवारी त्याला सुरुवात करता येईल.